किती वेळात बंद होते, आणि कुणी मोजलं?

(कोंडाणे, ता. कर्जत येथे झालेल्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)

सकाळी आपण सगळ्याजणी वर लेण्यांत जाऊन आलो. पाय अजून दुखतायत. तिथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. कान्ह नावाच्या कुणाचा तरी शिष्य बलक, त्याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात काम करणाऱ्याला वाटलं की कुणी केलं ते लिहून ठेवावं. मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण माझा आजचा विषय मोजणी हा आहे. मोजणी म्हटली की ती कुणी केली आणि कुणाला सांगितली, हे दोन प्रश्न आलेच.

पत्रकावर विषय छापलाय, 'अणुभट्टीच्या गतिकीय गुणांकांचं मापन'. ते वाचून तुमच्यातल्याच एकीने मला फोन केला, "अगं, छापखान्यात दुसऱ्या कुणाचा कागद मिसळला का?" तसं झालेलं नाही. मी समाजकार्याची पदवीधर आहे. बारावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. तरी हा विषय मी मागून घेतला. का ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावरच्या एका गावात, अणुवीज प्रकल्पाची माहिती द्यायला बोलावलेल्या सभेला मी संघटनेतर्फे गेले होते. मंचावर पुरुष, समोरच्या खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बायका. अर्ध्यापाऊण तासाच्या भाषणानंतर माझ्या शेजारची एक मावशी उभी राहिली. मासे विकणारी बाई. ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. ती भट्टी बंद करायची म्हटली, तर किती वेळात बंद होते? आणि ते कुणी मोजून बघितलंय?" मंचावरून उत्तर आलं, "बाई, हे शास्त्र आहे. त्याचं गणित तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही नोकऱ्यांचं विचारा." लोक हसले.

त्या उत्तराचा राग आपल्या सगळ्यांनाच येईल. पण मला आज कबूल करायचंय ते वेगळंच. मावशी पुन्हा बोलायला लागली, तेव्हा तिचा पदर ओढून मी तिला खाली बसवलं. म्हटलं, "मावशी, राहू दे, नंतर विचारू." मला वाटलं, तिचं हसं होतंय, तिला वाचवावं. परतीच्या एसटीत लक्षात आलं की मी तिला नव्हे, स्वतःला वाचवलं. तो प्रश्न बरोबर आहे की खुळा, हे मला ठाऊक नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटत होती.

परत आल्यावर कर्जतला राहणाऱ्या, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे गेले. त्यांना मावशीचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं, अणुभट्टीच्या विद्येतला पहिला प्रश्नच हा. यासाठी शास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या." मग कित्येक रविवार मी त्यांच्या ओट्यावर बसून शिकले. त्यांनी मला जसं सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते. आकडे थोडे आहेत, पण बचत गटाचं पासबुक सांभाळणाऱ्या बायका आहोत आपण, आकड्यांना घाबरायचं कारण नाही.

साखळी आणि मागून येणारे

युरेनियमच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा अगदी बारीक कण आदळला, की गाभा दुभंगतो. उष्णता निघते, आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. गाभा दुभंगतो म्हणजे नेमकं काय होतं, हा अर्थ पहिल्यांदा १९३९ च्या सुरुवातीला लिझे माइटनर या बाईने आपल्या भाच्याबरोबर, ऑटो फ्रिशबरोबर, मांडला. ज्यू म्हणून तिला जर्मनी सोडावी लागली होती. नोबेल पारितोषिक मिळालं ते तिच्या पुरुष सहकाऱ्याला, ऑटो हानला. हे जाता जाता सांगितलं.

नवे न्यूट्रॉन आणखी गाभे फोडतात, ही झाली साखळी. भट्टी स्थिर चालायची तर प्रत्येक पिढीत जेवढे न्यूट्रॉन गाभे फोडायला गेले, तेवढेच पुढच्या पिढीत जायला हवेत. बाकीचे शोषले जातात किंवा निसटून जातात. हजाराचे हजार. आता समजा, हजाराचे एक हजार एक झाले. आपल्या गटात दर महिन्याला हजाराला एक रुपया व्याज लावलं, तर कुणी तक्रार करेल का? नाही. पण इथला 'महिना' केवढा, ते बघा. जड पाण्याच्या भट्टीत तो सेकंदाचा सुमारे हजारावा भाग असतो. म्हणजे एका सेकंदात हजार महिने उलटले, आणि हजाराचे झाले सुमारे सत्तावीसशे. साध्या पाण्याच्या भट्टीत, उदाहरणार्थ तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांसारख्या, तो 'महिना' सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. दहा हजारावा भाग धरला, तरी एका सेकंदात हजाराचे सव्वादोन कोटींच्या आसपास जातात. बटणापर्यंत हात न्यायलाही वेळ उरत नाही.

मग जगभर एवढ्या भट्ट्या चालतात कशा? बाईंनी मला हाच प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला आठवडा दिला. मला आलं नाही. उत्तर असं, की सगळे न्यूट्रॉन एकदम बाहेर पडत नाहीत. युरेनियमच्या २३५ या प्रकारात दर दहा हजारांतले सुमारे पासष्ट मागून येतात. म्हणजे हजारात साडेसहा. गाभा दुभंगल्यावर जे तुकडे उरतात, त्यांतल्या काहींमधून ते निघतात. काही सेकंदाच्या अंशात, काही दोन सेकंदांनी, काही वीस-बावीस सेकंदांनी, आणि सर्वांत सावकाश गटातले निम्मे यायला सुमारे पंचावन्न सेकंद लागतात. त्यांना विलंबित न्यूट्रॉन म्हणतात. वॉशिंग्टनमधल्या तिघा संशोधकांनी १९३९ मध्येच ते शोधले.

हजारात साडेसहा म्हणजे चिमूटभरच. पण ते एवढे उशिरा येतात, की सगळ्यांची सरासरी काढली तर 'महिना' हजाराव्या भागावरून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जातो. भट्टी अशी लावायची, की हे मागून येणारे मिळाल्याशिवाय पिढीचा हिशेब पुराच होऊ नये. मग तीच हजाराला एकची वाढ झाली, तरी भट्टीची शक्ती पावणेतीन पट व्हायला मिनिटभर लागतं. मिनिटभरात माणूस विचार करू शकतो, नियंत्रक कांडी आत जाऊ शकते.

हे मी आमच्या गटात सांगितलं, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे घरकाम उरकून बैठकीला उशिरा येणाऱ्यांनीच संसार सावरला म्हणायचा!" त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

पण वाढ हजाराला साडेसहाच्या वर गेली, तर साखळी मागून येणाऱ्यांची वाट बघत नाही. तिथून पुढे कुणाच्या हातात काही राहात नाही. ही लक्ष्मणरेषा. शास्त्रज्ञ या अंतराला चक्क 'डॉलर' म्हणतात, आणि त्याच्या शंभराव्या भागाला 'सेंट'. हे नाव सुचवणारा लुईस स्लॉटिन हा शास्त्रज्ञ १९४६ च्या मे महिन्यात अमेरिकेत, लॉस अॅलमॉस इथे प्रयोग करताना हातातलं उपकरण निसटलं, ही रेषा ओलांडली गेली, आणि नऊ दिवसांनी वारला.

आता महत्त्वाची गोष्ट. ही रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर नसते. प्लुटोनियममध्ये मागून येणारे हजारात जेमतेम दोन. थोरियमपासून तयार होणाऱ्या युरेनियम २३३ मध्ये अडीचच्या जवळपास. आणि युरेनियमची भट्टी चालू असताना तिच्या आतच प्लुटोनियम साठत जातं. म्हणजे नव्या इंधनाच्या वेळी रेषा जेवढी लांब होती, तेवढी इंधन मुरल्यावर राहात नाही. उलट जड पाण्याच्या भट्टीत किरणांमुळे त्या पाण्यातूनच आणखी काही उशिराचे न्यूट्रॉन निघतात. भट्टी लहान की मोठी, न्यूट्रॉन बाहेर निसटतात किती, यानेही फरक पडतो. शेजारणीच्या चुलीचा अंदाज आपल्या चुलीला लागू पडत नाही, तसंच. प्रत्येक भट्टीचे आकडे तिच्याच अंगावर मोजावे लागतात, आणि पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. मागून येणाऱ्यांचं प्रमाण, ते किती उशिरा येतात, आणि तो 'महिना' केवढा, हेच ते गतिकीय गुणांक. आपल्या भाषेत, भट्टीची चालढाल.

मोजतात कसं

इथून लोकल आणि पुढे बस धरली की दोन-अडीच तासांत आपण तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या कुंपणाशी पोचतो. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. पाण्याच्या खोल टाकीत सोडलेली, एक मेगावॅटची, इंग्लंडहून आणलेल्या इंधनावर चालणारी. जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं आणि नावही त्यांनीच ठेवलं. २००९ साली ती बंद झाली, आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तिथेच तिची नवी, वाढवलेली आवृत्ती सुरू झाली.

कुठलीही नवी भट्टी पहिल्यांदा सुरू करताना दिवा लावल्यासारखं बटण दाबत नाहीत. थोडं इंधन घालायचं, थांबायचं, गणकावर न्यूट्रॉन मोजायचे. आणखी थोडं घालायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा मोजायचे. आकडे कसे वाढतात यावरून, साखळी स्वतःच्या बळावर कधी चालू राहील हे आलेखावर आधीच दिसतं. शिकागोत २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली साखळी चालली, तेव्हा त्या चमूत एकच बाई होती, लिओना वूड्स, वय २३. न्यूट्रॉन मोजायचे गणक बनवण्यात तिचा हात होता, आणि त्या दिवशी गणकावरचे आकडे ती मोठ्याने वाचत होती. पुढे दिवस गेले तेव्हा काम काढून घेतील म्हणून तिने ढगळ कपड्यांत पोट लपवून काम चालू ठेवलं. विद्या नवी होती, पण बाईची अडचण जुनीच.

चालढाल मोजायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली स्टॉपवॉचची. भट्टी अगदी मंद, स्थिर चालू ठेवायची. नियंत्रक कांडी जराशी, ठरावीक अंतर बाहेर ओढायची आणि न्यूट्रॉन दुप्पट व्हायला किती सेकंद लागले ते बघायचं. त्यावरून कांडीचं तेवढं अंतर म्हणजे रेषेच्या दिशेने किती पावलं, हे सूत्राने काढता येतं. असं करत कांडीच्या बोटाबोटाची किंमत मांडतात.

दुसरी, कांडी सोडायची. चालू भट्टीत कांडी एकदम खाली पडू द्यायची आणि न्यूट्रॉन कसे घटतात ते नोंदवायचं. हे समजायला आपली चूल पुरे. धगधगत्या चुलीतलं लाकूड ओढून काढलं, की ज्योत त्याच क्षणी बसते, पण निखारे सावकाश विझतात. इथेही तेच. तात्काळ न्यूट्रॉन डोळ्याचं पातं लवायच्या आत घसरतात, आणि मग मागून येणाऱ्यांचे निखारे उरतात. शेवटी तर पंचावन्न सेकंदांनी निम्मे, आणखी पंचावन्न सेकंदांनी त्याच्या निम्मे, याहून वेगाने ते विझतच नाहीत, कांडी कितीही जोरदार असो. ज्योत कितीने बसली, यावरून कांडीचं बळ कळतं.

तिसरी पद्धत मला फार आवडली. तीत भट्टीला हातसुद्धा लावायचा नसतो, फक्त ऐकायचं. काल रात्री या पत्र्यावर पाऊस वाजत होता. पावसाचे थेंब एकमेकांना विचारून पडत नाहीत. पण त्याच पत्र्यावर झाडाची फांदी हलली, की झुबक्याने थेंब पडतात, आणि आपल्याला न बघता कळतं की हा पाऊस नव्हे, फांदी आहे. न्यूट्रॉनही असेच दोन तऱ्हांनी वाजतात. एकमेकांशी संबंध नसलेले सुटे सुटे येतात. एकाच साखळीतले, म्हणजे एकाच घराण्यातले, झुबक्याने येतात. म्हणून सेकंदाचे अगदी लहान लहान सारखे तुकडे करून प्रत्येकात किती न्यूट्रॉन आले ते हजारो वेळा मोजतात. सुटे असते, तर सरासरीभोवती चढउतार ठरावीकच राहिले असते. ते जेवढे जास्त, तेवढी घराणी मोठी. आणि घराणं किती वेळात संपतं, त्यावरून मागून येणाऱ्यांचं प्रमाण आणि तो 'महिना' यांचा आपसातला हिशेब लागतो. या पद्धतींना ब्रूनो रॉसी आणि रिचर्ड फाइनमन यांची नावं आहेत.

आपल्याकडे संशोधनासाठी मुद्दाम छोट्या, अगदी कमी शक्तीच्या भट्ट्याही बांधल्या. तुर्भ्याला १९६१ साली 'झर्लिना', नावाला शंभर वॅटची, घरातल्या एका दिव्याएवढी. १९७२ च्या मे महिन्यात 'पूर्णिमा', प्लुटोनियमवरची. दक्षिणेत कल्पाक्कमला १९९६ साली 'कामिनी', युरेनियम २३३ वरची. अप्सरा, झर्लिना, पूर्णिमा, कामिनी! इंग्रजी आद्याक्षरं जुळवून का असेना, पण नावं बायकांची शोधायची, आणि बाईने आकडा विचारला की तिला खाली बसवायचं, हे मला काही पटत नाही.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्णिमेच्या कामातल्या काही शास्त्रज्ञांचा मे १९७४ च्या पोखरण चाचणीतही सहभाग होता. साखळी सावकाश ठेवायला जे आकडे लागतात, तेच ती आवरेनाशी करायलाही लागतात. या विद्येभोवती एवढं कुंपण का, याचं एक खरं कारण हेही आहे. पण कुंपण बॉम्बच्या आकड्यांभोवती घालायचं, की शेजारच्या गावाच्या सुरक्षिततेच्या आकड्यांभोवतीही, हा प्रश्न उरतोच.

मोजलं, पण सांगितलं नाही

आता दोन अपघात सांगते. पहिला अमेरिकेतला, आयडाहोचा, ३ जानेवारी १९६१. एक लहान लष्करी भट्टी बंद होती, दुरुस्ती चालू होती. मधली कांडी हाताने थोडीशीच उचलायची होती. ती सुमारे हातभर वर ओढली गेली. त्या एकाच कांडीत अख्खी भट्टी रेषेपलीकडे नेण्याएवढं बळ होतं. काही सहस्रांश सेकंदांत सगळं संपलं, आणि तिथे असलेले तिघेही गेले. एका कांडीत एवढं बळ ठेवू नये, हा धडा त्यानंतर जगाने घेतला.

दुसरा सगळ्यांच्या ओळखीचा, चेर्नोबिल, २६ एप्रिल १९८६. त्या रात्री भट्टी बंद करायचं बटण दाबलं, आणि पहिल्या काही क्षणांत साखळी मंदावण्याऐवजी वाढली. कारण कांड्यांच्या टोकाची रचनाच तशी होती. शिवाय त्या जातीच्या भट्टीत पाण्याची वाफ झाली, की साखळी आणखी भडकायची. सुरुवातीला सगळा दोष त्या रात्रपाळीच्या माणसांवर टाकला गेला. पुढे १९९२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी फेरअहवाल लिहिला, त्यात रचनेचे दोष पुढे आले. आणि त्यातच हे नोंदलेलं आहे, की कांड्यांचा हा उलटा गुण १९८३ च्या अखेरीला लिथुआनियातल्या इग्नालिना इथल्या, त्याच जातीच्या भट्टीवर मोजताना दिसला होता. म्हणजे अडीच वर्षं आधी कुणीतरी कांड्या सोडल्या होत्या, आलेख काढला होता, आकडा कागदावर होता. पण त्या रात्री बटणापाशी उभ्या असलेल्या माणसांना तो धोका कुणी नीट सांगितलेला नव्हता.

बाईंनी हे सांगितलं त्या दिवशी मी जेवले नाही. आपल्या कामात आपण हे किती वेळा पाहतो! कारखान्यातल्या हवेची तपासणी झालेली असते, विहिरीच्या पाण्याचा अहवाल आलेला असतो, आणि ते पाणी भरणाऱ्या बाईलाच तो माहीत नसतो. या गावाला तर हे वेगळं सांगायला नको. उल्हास नदीवरचं कोंडाणे धरण २०१२ च्या सिंचन प्रकरणात राज्यभर गाजलं, ते कागदावर त्याची उंची आणि खर्च कसे वाढत गेले यामुळेच. माहितीच्या अधिकारात कागद बाहेर आले, म्हणून ते लोकांना कळलं. पुढे धरण नवी मुंबईच्या पाण्यासाठी सिडकोकडे गेलं. कुणाचं घर आणि कुणाचं शेत हे ज्या आकड्यांवर ठरतं, ते आकडे गावाला शेवटी कळतात.

तरी अर्धवट सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. चेर्नोबिलच्या जातीची भट्टी आपल्याकडे नाही. आणि गतिकीय आकडे चांगले असले म्हणजे सगळं भागलं, असंही नाही. जपानमध्ये फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच, चालू असलेल्या भट्ट्यांमधली साखळी ठरल्याप्रमाणे थांबली. ते गणित चुकलं नाही. पण साखळी थांबल्यावरही इंधनाच्या तुकड्यांतून उष्णता निघतच राहते, बंद केल्याच्या क्षणी चालू शक्तीच्या सहा-सात टक्के, मग हळूहळू कमी. ती काढायला पाणी फिरवावं लागतं. त्सुनामीने वीज गेली, पंप थांबले, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. महिनाभराने, १८ एप्रिल २०११ रोजी, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात साखरी नाट्याला जैतापूर प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकजण गेला. त्या किनाऱ्यावरच्या बायकांचा राग आणि भीती अडाणीपणाची होती, असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

मावशीला दिलेलं उत्तर

हे सगळं शिकून झाल्यावर मी पुन्हा त्या गावी गेले. मावशी टोपली घेऊन बाजारातून येत होती. तिच्या ओटीवर बसले. आधी पदर ओढल्याबद्दल माफी मागितली. तिला ते आठवतही नव्हतं, किंवा तिने तसं दाखवलं. मग तिला उत्तर दिलं.

म्हटलं, मावशी, तुझ्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. कांड्या दोनचार सेकंदांत आत जातात आणि ज्योत लगेच दहाव्या भागाच्या आसपास खाली येते. मागून येणाऱ्यांचे निखारे विझायला काही मिनिटं लागतात. आणि आतली ऊब काढत राहायला दिवस, महिने लागतात. कुणी मोजलं म्हणशील, तर हो, मोजतात. मोजल्याशिवाय भट्टी सुरूच करता येत नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मग मला सांगितलं का नाही?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि कर्जतच्या बाईंजवळही नव्हतं. ते ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच विचारावं लागेल. म्हणून बाईंनी आणि मी मिळून काही प्रश्न काढले. वहीत लिहून घ्या. कुठल्याही जनसुनावणीत, कुणाही बाईने उभं राहून विचारावेत असे ते आहेत.

एक. या भट्टीत मागून येणाऱ्या न्यूट्रॉनांचं प्रमाण किती? नव्या इंधनाला किती, आणि मुरलेल्या इंधनाला किती?

दोन. हा आकडा नुसता हिशेबाने काढलाय, की अशाच भट्टीवर मोजलाय? कुठे, आणि कुठल्या पद्धतीने?

तीन. सगळ्या कांड्या पूर्ण आत जायला किती सेकंद लागतात? एक कांडी अडकली, तरी बाकीच्या भट्टी बंद करू शकतात का?

चार. पाण्याची वाफ झाली, तर साखळी मंदावते की वाढते?

पाच. बाहेरची वीज गेली, तर आतली ऊब काढायची सोय किती काळ पुरेल?

सहा. ही मोजणी तपासणारा मोजणाऱ्याच्याच हाताखालचा आहे का? आपल्याकडे तपासणीसाठी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. त्याला पुरेशी स्वायत्तता नाही, असं २०१२ साली महालेखापालांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालानेच म्हटलं होतं. तेव्हा हा प्रश्न आपल्या मनचा नाही.

काहींची उत्तरं मिळतील, काहींची 'सुरक्षेच्या कारणास्तव' मिळणार नाहीत. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून ठेवायचे मोठे अधिकार सरकारला दिले होते, आणि ती सवय मुरलेली आहे. अशा वेळी 'सांगता येत नाही' एवढं लेखी मागा, सहीसकट आणि तारखेसकट. नकार कुणी दिला, हेही कुठेतरी नोंदलेलं असावं. बलकाने स्वतःचं नाव दगडात कोरलं, यांना कागदावर लिहायला सांगू.

मी अणुविजेच्या बाजूने बोलायला आले नव्हते, विरोधातही नाही. त्यावर आपल्यात मतं निराळी आहेत, आणि दुपारच्या सत्रात भांडायला भरपूर वेळ आहे. पण ज्या बाजूने भांडायचं त्या बाजूने आकडे घेऊन भांडू. आणि एक विनंती आहे. यापुढे कुठल्याही सभेत आपल्या शेजारची एखादी मावशी प्रश्न विचारायला उठली, आणि तिचा प्रश्न आपल्याला कळला नाही, तर तिचा पदर ओढू नका. तिच्या शेजारी उभ्या राहा.